कागदावरची शेळी

माण तालुक्यातल्या एका वाडीवर बाभळीच्या सावलीत बाज टाकलेली आहे. बाजेवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर दहा शेळ्या आणि एक बोकड. बाजेपासून चार हातांवर, खुंट्याला, तीन खऱ्या शेळ्या. पडद्यावरच्या शेळ्या वर्षाला तीस करडं देतात, आजारी पडत नाहीत आणि शेजारच्या मक्यात शिरत नाहीत. खुंट्याच्या तिघींतली एक सकाळपासून खोकते आहे.

लॅपटॉप भाच्याचा, शेळ्या आत्याच्या. भाचा हिंजवडीत नोकरीला. टाळेबंदीत घरून काम करता करता त्याला गावच्या मातीचा वास आला. (तो लेंडीखताचा होता, हे पुढे कळलं.) असा भाचा आता दर वाडीला एक तरी सापडतो. त्याने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यांत पांढऱ्या शर्टातला एक यशस्वी माणूस असतो, त्याच्यामागे फटींच्या प्लास्टिक फरशीवर उभ्या केलेल्या बंदिस्त शेळ्या असतात आणि खाली लाखांतला एक आकडा असतो. तो आकडा नफ्याचा की उलाढालीचा, हे बघायला व्हिडिओ मध्येच थांबवावा लागतो. व्हिडिओ थांबवून बघणारा माणूस सहसा शेळीपालनाकडे वळत नाही.

'दहा अधिक एक' हा या धंद्यातला श्रीगणेशा. पशुसंवर्धन खात्याच्या नावीन्यपूर्ण योजनेतला गट तोच: दहा शेळ्या, एक बोकड. सर्वसाधारण गटाला निम्मं अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. उडी मोठी मारायची असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियान आहे. तिथे १०० अधिक ५ पासून ५०० अधिक २५ पर्यंत मजल जाते आणि अनुदानाची मर्यादा १० लाखांपासून ५० लाखांपर्यंत चढते. त्यामुळे 'शेळ्या किती?' असं विचारलं की जुनी माणसं नग सांगतात, नवी माणसं बेरीज सांगतात.

भाच्याचा हिशेब चुकीचा होता असं मात्र कुणी म्हणू नये. शेळी दीडशे दिवसांत विते, म्हणून दोन वर्षांत तीन वेतं बसतात, असं पुस्तक सांगतं. उस्मानाबादी शेळी जुळं देण्यात नावाजलेली, हे पुस्तकही सांगतं आणि आत्याही. भाच्याने या दोन वाक्यांचा गुणाकार केला. शेळीमागे वर्षाला तीन करडं, निम्मे बोकड, निम्म्या पाटी. बोकड विकायचे, पाटी ठेवायच्या. म्हणजे कळप दरवर्षी अडीचपट. पाचव्या वर्षी ९७६ शेळ्या, दहाव्या वर्षी ९५ हजार. भाचा इथे थांबला, कारण गाडी कोणती घ्यायची हा प्रश्न मध्येच निघाला. सूत्र तसंच खाली ओढत नेलं असतं तर पंधराव्या वर्षी ९३ लाख शेळ्या झाल्या असत्या. २०१९ च्या पशुगणनेत सबंध महाराष्ट्रात मिळून १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. अठराव्या वर्षाचा आकडा येतो १४ कोटी ५५ लाख, आणि त्याच गणनेत देशभरातल्या शेळ्या भरल्या १४ कोटी ८९ लाख. म्हणजे अठरा वर्षांत त्या एका वाडीवर दुसरा भारत चरत असता. चाऱ्याला बांधावरच्या दोन शेवऱ्या होत्याच.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"आन् मेली तर?"

भाच्याने तेही धरलं होतं. 'मरतूक' असा स्वतंत्र रकाना होता आणि त्यात ५ टक्के लिहिलं होतं. दहा शेळ्यांचे ५ टक्के म्हणजे अर्धी शेळी. कागदावर दरवर्षी अर्धी शेळी मरते आणि उरलेली अर्धी मुकाट्याने चरत राहते. खुंट्यावरची शेळी अशी हप्त्याने मरत नाही. ती मरते तेव्हा सगळीच मरते, आणि एकटी तर बहुधा मरतच नाही. पीपीआरची साथ आली की वाडगं रिकामं करून जाते. पहिल्या पावसानंतर कोवळं लुसलुशीत गवत उगवतं, शेळ्या त्यावर तुटून पडतात आणि आंत्रविषाराने सकाळी दावणीला आडव्या सापडतात, त्याही कळपातल्या सगळ्यांत धडधाकट आणि खादाड असतात त्याच. दोन्हींवर लस आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, फार महागही नाही. फक्त ती गवत उगवायच्या आधी टोचावी लागते, आणि आपल्याकडे दवाखाना आठवतो तो शेळी आडवी झाल्यावर.

आत्याकडे वही नाही. तिची पद्धत अशी की दोन-तीन शेळ्या ठेवायच्या, रानात खुरपायला जाताना बरोबर न्यायच्या, बांधावर चारायच्या आणि येताना डोक्यावर गवताचा भारा आणायचा. बोकड झाला की वाढवायचा आणि अडचण आली की विकायचा. धाकट्याची फी एका बोकडात भागली, आत्याच्या नवऱ्याच्या, म्हणजे मामांच्या, डोळ्याचं ऑपरेशन दोन बोकडांत. या घराच्या इतिहासाला सनावळी नाही, बोकडावळी आहे.

शेळी म्हणजे गरिबाचं एटीएम, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दहा मिनिटांत येतं. ज्याने ते पहिल्यांदा म्हटलं त्याने शेळी पाळली नसावी. एटीएममधून पाचशेही काढता येतात, शेळीचा एक पाय विकता येत नाही. आत्याला ती परवडते ती त्याच कारणाने. गाडग्यातले दोन हजार मामांना दिसतात, दिराला दिसतात, भिशीवालीला दिसतात. दावणीची शेळी सगळ्यांना दिसते, पण उसनी कुणी मागत नाही.

विकायची वेळ आली की मात्र शेळीचा खरा हिशेब बाजारात होतो. लोणंदच्या बाजारात बोकड उभा असतो तेव्हा व्यापारी त्याच्या तोंडाकडे बघत नाही. तो थेट पाठीवर हात टाकतो, कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस अंगठ्याने चाचपतो, कमरेत हात घालून बोकड वीतभर उचलतो आणि खाली ठेवता ठेवता वजन सांगतो. ते बहुतेक वेळा किलो-दीड किलोच्या फरकाने बरोबर असतं. फरक नेहमी एकाच दिशेला असतो, एवढंच. विकणाराही कच्चा नसतो. आदल्या रात्री बोकडाला मिठाचं खाणं आणि सकाळी पोटभर पाणी पाजून त्याने वजनाची सोय केलेली असते. व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो चहा मागवतो आणि बोकडाची लघवी होईपर्यंत राजकारणावर बोलतो. भाच्याच्या तक्त्यात 'विक्री व विपणन' या ओळीसमोर २ टक्के होते. त्यात हा चहा बसत नव्हता.

बकरी ईद धरून बोकड तयार करायचा, हा सगळ्यांत हुशार सल्ला. कुर्बानीचा बोकड वर्ष भरलेला, दोन दाती लागतो. शिंग मोडलेलं नको, कान फाटलेला नको, लंगडा नको. त्या आठवड्यात भाव किलोवर ठरत नाही, रूपावर ठरतो. अडचण एवढीच, की ही ईद चांद्र पंचांगाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि शेळीचं पोट त्याप्रमाणे सरकत नाही. ईदच्या चौथ्या दिवशी न खपलेला बोकड देवनारहून परत आणणाऱ्या टेम्पोत जी शांतता असते ती परीक्षेच्या निकालानंतरच्या रिक्षातच असेल.

हे सगळं शेळीपुरतंच, गाई-म्हशींचं वेगळं, असं कुणाला वाटेल. त्याच्यासाठी तीन अर्थशास्त्रज्ञ कामाला लागले होते. संतोष अनागोल, अल्विन एटांग आणि डीन कार्लन यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या गाई-म्हशींचा जमाखर्च मांडला आणि २०१३ मध्ये एक शोधनिबंध काढला. त्याच्या मथळ्याचा मराठीत अर्थ होतो, 'गाई अजून टिकून आहेत, यावरून भांडवलशाहीची मूळ तत्त्वं खोटी ठरतात का?' अर्थशास्त्रात विनोद क्वचित होतो, हा झाला. घरच्यांच्या कष्टाला बाजारभावाने मजुरी धरली तर गाईवरचा परतावा निघाला उणे ६४ टक्के आणि म्हशीवरचा उणे ३९ टक्के. इतका तोटा तर चिटफंडातही एका वर्षात होत नाही. मग त्यांनी घरच्या कष्टाची किंमत शून्य धरून पाहिली. तेव्हा गाय उणे ६ वर आली आणि म्हैस चक्क अधिक १३ वर.

ही शून्य मजुरी पहाटे साडेचारला उठते, शेण काढते, धारा काढते, वैरण कापते आणि मग स्वयंपाकाला लागते.

पुढच्या वर्षी ओराझिओ अट्टानासिओ आणि ब्रिटा ऑग्सबर्ग या दोघांनी आंध्रातल्या अनंतपूरची तीन वर्षांची आकडेवारी घेऊन उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, तुम्ही एकाच वर्षाचा फोटो काढलात. दुष्काळात चारा महाग, दूध कमी, म्हणून तोटा. पाऊस झाला की चारा स्वस्त, दूध जास्त, आणि नफा चांगला. हे माणमधल्या कुणालाही विचारलं असतं तर एका विडीत सांगितलं असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत ज्यांनी महिनोन् महिने जनावरांशेजारी मुक्काम केला, त्यांना गाईवरचा परतावा टक्क्यांत विचारायची कुणाची छाती झाली नसती.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. मार्व्हिन हॅरिस नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं होतं, की भारतीय माणूस गाय भक्तीपोटी पाळतो हे दिसायला. खरं तर शेण, बैल, दूध असा सगळा हिशेब त्यात बसतो. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर या भाबडेपणावर तुटून पडले. १९६९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त या वादावर त्यांनी लेख लिहिले, त्यांतल्या एकाच्या मथळ्यातच शेण होतं. जगातल्या फार थोड्या भाषांत शेणावर इतकं गंभीर अर्थशास्त्र झालं असेल. गोठ्यात मात्र हा वाद कधीच मिटलेला आहे. दूध धंदा परवडतो का, असं कुठल्याही दूधवाल्याला विचारा, तो सांगेल, "दूध खर्चाला जातं, शेण तेवढं उरतं." हे तो हसत सांगतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला तो विनोद वाटतो.

तो विनोद कसा तयार होतो ते बघायचं असेल तर सकाळी सहाला गावच्या दूध संकलन केंद्रावर जावं. किटल्या, बरण्या, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी लटकवलेले कॅन, अशी रांग. प्रत्येकाचं दूध मापात ओतलं जातं, चमचाभर नमुना यंत्राला लावला जातो आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी बाहेर येते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ), दर. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे सोवळं. त्याखाली एक पॉइंट घसरला की दर कापला. सगळी रांग त्या यंत्राकडे अशी बघते जशी देवळात कौल लावणारी माणसं बघतात. "फॅट लागली का?" हा इथला रामराम. लागली नाही तर कारणं तीन: पेंड बदलली, गाय माजावर आहे, किंवा यंत्र बिघडलंय. तिसऱ्यावर सगळ्यांचं एकमत असतं. काल पाण्याचा हात किंचित सढळ झाला होता हे चौथं कारण रांगेत कुणी काढत नाही. दर दहा दिवसांनी पैसे मिळतात, त्याला 'पगार' म्हणतात. उचललेल्या पेंडीच्या पोत्यांचे पैसे आधीच कापून तो हातात येतो, त्यामुळे तो पगार खरा गाईचा, आणि तिचा तीच खाते.

साधा हिशेब आहे. बारा लिटर देणाऱ्या संकरित गाईला पाच-सहा किलो खुराक लागतो. तो किलोला तीस-बत्तीस रुपये. दूध लिटरला तीसच्या आसपास धरा. म्हणजे निम्मं दूध पेंडीत गेलं. उरलेल्यातून हिरवी वैरण, कडबा, कृत्रिम रेतन, डॉक्टर, वीज, कर्जाचा हप्ता. पशुखाद्य-वैरणीवर एकूण खर्चाचे ६० ते ७० टक्के जातात, हे कृषी विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगतो. आणि गाय वर्षभर बारा लिटर देत नाही. ती आटते, भाकड राहते, गाभण ठरते किंवा ठरत नाही, आणि या सगळ्या काळात तिची भूक अगदी शाबूत असते. तिला खोंड झाला तर आणखी वेगळा प्रश्न: त्याला नांगराला जुंपत नाहीत, कारण ट्रॅक्टर आहे, आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तो कसायाकडेही जात नाही. म्हणून आता कालवडीच व्हाव्यात अशा लिंग निश्चित केलेल्या रेतमात्रा मिळतात. माणसांच्या दवाखान्यात ज्या गोष्टीचं नाव काढलं तरी तुरुंग, ती गोठ्यात अनुदानावर.

सरकारने मध्ये पडून बघितलं. २०२३ च्या जुलैत ३.५-८.५ च्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये दर जाहीर झाला. दर जाहीर झाला तो कागदावर, आणि दूध काढलं जातं ते गाईचं. काही महिन्यांत भाव त्याच्या बराच खाली आला, आणि २०२४ च्या जानेवारीपासून लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू करावं लागलं. ते मिळवायला गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला हवा होता, त्याची ऑनलाइन नोंद हवी होती आणि मालकाचं खातं आधारला जोडलेलं हवं होतं. गाय आणि मालक दोघांनाही बारा आकडी नंबर मिळाला. फरक इतकाच, की गाईचा कधी विसरत नाही. तो कानातच असतो.

दूध नको तर कोंबडी, असं भाच्याचंही एकदा झालं होतं. ब्रॉयलरचा धंदा गणिताला सगळ्यांत सोपा. करारावर कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. शेड, वीज, पाणी, भाताचा तूस आणि झोप शेतकऱ्याची. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोवर जातो आणि किलोमागे काही रुपये वाढणावळ मिळते. हा पक्षी पावणेदोन किलोपेक्षाही कमी खाऊन एक किलो वाढतो. इतकं काटकसरी बाळ कुठल्याच आईने पाहिलेलं नाही. त्याची बडदास्तही तशीच: पहिल्या आठवड्यात ऊब मिळावी म्हणून ब्रूडरचे दिवे, नंतर लासोटा, गंबोरो अशा लशी, उन्हाळ्यात फॉगर. मे महिन्यात रात्री वीज गेली की मालक घामाघूम होऊन शेडकडे पळतो. घरात म्हातारे वडील त्याच अंधारात आणि त्याच उकाड्यात वर्तमानपत्राने वारा घेत पडलेले असतात.

आणि कोंबडीला लागणारी खरी साथ तिच्या घशाला लागतच नाही, ती वर्तमानपत्राला लागते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतातला तो पहिला. नवापूर कुठे आहे हे नकाशात न सापडणाऱ्या माणसांनीही त्या आठवड्यात चिकन सोडलं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबडीला काहीच झालेलं नव्हतं, माणसालाच व्हायचं होतं. पण मोबाईलवर एक अफवा फिरली आणि जिवंत पक्ष्याचा भाव इतका पडला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बाजारात अक्षरशः खरी झाली. काही ठिकाणी पिल्लं फुकट वाटली, काही ठिकाणी पुरली. भाव परत चढला तेव्हा शेडं रिकामी होती.

या सगळ्यापेक्षा चतुर एक धंदा आहे. त्यात जनावर विकायचं नसतं, जनावर पाळण्याचा धंदा विकायचा असतो. ईमूचं आठवत असेल. सहा फुटी ऑस्ट्रेलियन पक्षी, मांस खाणारं गिऱ्हाईक कुठेच नाही, तेलाचे गुण ऐकीव. तरी जोड्या हजारोंनी खपल्या, कारण एकाच्या ईमूची पिल्लं दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. २०१२ मध्ये तमिळनाडूतली मोठी कंपनी कोसळली आणि साखळीतला शेवटचा शेतकरी कुंपणाआडच्या त्या पक्ष्याकडे आणि पक्षी त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग आला कडकनाथ. काळी पिसं, काळं मांस, २०१८ मध्ये झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन. पक्षी अस्सल, त्यात खोट नाही. महेंद्रसिंग धोनीनेही २०२० मध्ये दोन हजार पिल्लं मागवल्याच्या बातम्या आल्या. पण त्याआधीच, २०१९ मध्ये, सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे 'पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ' या योजनेतला 'आम्ही' गायब झाला होता आणि घरोघरी काळ्या कोंबड्या उरल्या. धोनीच्या पिल्लांना निदान घेणारा मालक होता.

आता बोअरचा जमाना आहे. हा दक्षिण आफ्रिकी जाडजूड बोकड फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात इथे आणला तो स्थानिक शेळीचं मांस वाढवण्यासाठी. त्याच संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून 'सुवर्णा' तयार केली; वर्षानुवर्षांचं किचकट काम. त्या कामाचा व्हिडिओ कुणी दोन वाजेपर्यंत जागून बघत नाही. बघतात ते 'ब्रीडर रेट'चा. कसायाकडच्या भावाच्या कितीतरी पट भावाने शेळी घ्यायची आणि तिची पिल्लं त्याच भावाने पुढच्या हौशी माणसाला द्यायची, तो संपेपर्यंत. फार्मवर पाटी असते: 'एकदिवसीय प्रशिक्षण, चहा-नाश्ता-जेवणासह.' दर रविवारी पन्नास जण फी भरून येतात, चारा खात नाहीत, लेंड्या टाकत नाहीत आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी परत जातात. फार्मवरचं सगळ्यांत दुभतं जनावर म्हणजे हा प्रशिक्षणार्थी.

भावाची मजा बघायची तर सांगलीकडच्या माडग्याळ मेंढ्याची बघावी. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, म्हणून लाखांची बोली. २०२० च्या डिसेंबरात आटपाडीच्या बाजारात 'सर्जा' नावाच्या एका मेंढ्याला ७० लाखांना मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगितल्याच्या बातम्या देशभर गेल्या. सौदा झाला नाही. ७० लाखांचा मेंढा दावणीला बांधून माणूस घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला रोजचंच खाद्य घातलं. त्याच आटपाडीच्या माळावरून दिवाळीनंतर धनगराचे कळप निघतात. त्यांना शेड नाही, वीज नाही, तक्ता नाही. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंड्यांच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. दख्खनी लोकरीला मात्र आता गिऱ्हाईक उरलं नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून कातरलेली लोकर बांधाला पडून राहते आणि धनगर पावसात प्लास्टिकचा कागद पांघरतो.

भाच्याने हळूहळू बरंच शिकून घेतलं. शेड बांधलं, वीस शेळ्या आणल्या, हिंजवडीत बसून बघता यावं म्हणून चार कॅमेरे लावले. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण आजवर कुणी प्रत्यक्षात आणली नव्हती. भाच्याने सातव्या मजल्यावरून आणली. मीटिंग चालू असताना मोबाईलवर त्याला दिसायचं की तीन नंबरची शेळी गव्हाणीत उभी राहून खाणं तुडवते आहे. तो आत्याला फोन लावायचा. आत्या रानातून उठून यायची, शेळीला खाली ढकलायची आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायची.

दिवाळीला तो आला तेव्हा वर्षाचा ताळेबंद मांडायचा होता. बाज तीच, बाभूळ तीच. उत्पन्न, खुराक, औषधं, दोन मेलेल्या, एक बिबट्याच्या बातमीने घाबरून विकलेली, सगळं भरलं. खाली हिरवा आकडा आला. फार नाही, पण हिरवा. भाचा खूश झाला. मग त्याच्या ध्यानात आलं की 'मजुरी' हा रकाना रिकामाच राहिला.

"आत्या, इकडं बाईचा रोज काय चाललाय सध्या?"

"खुरपणीला तीनशे."

त्याने तीनशे गुणिले तीनशे पासष्ट केलं. १,०९,५००. आकडा टाकला, बटण दाबलं, आणि तळाचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल झाला. भाचा बराच वेळ बघत बसला. आत्याला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग कळत होता.

"किती झालं म्हनलास माझं?"

त्याने सांगितलं. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं.

"मग असं कर की. शेळ्या तुझ्याच ऱ्हाऊदेत. मी उद्यापास्नं रोजानं येते."

भाच्याने मजुरीच्या रकान्यात शून्य टाकून पाहिलं. आकडा परत हिरवा झाला. आत्या तोवर उठून गेली होती. तीन नंबरची गव्हाणीत चढली होती.